मामांच्या गच्चीला चुना

मराठी माणसानं झाशीला भलत्या वेळी पोचायची परंपरा जुनी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून घरून निघाले आणि १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोझनं शहराभोवती तोफा मांडल्या, तेव्हा हे गृहस्थ नेमके कोटाच्या आत होते. त्यांना निदान पुढं ‘माझा प्रवास’ तरी लिहिता आला. मी २०२४ च्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, झाशीच्या दतिया गेटपाशी मामेसासऱ्यांच्या पंचाहत्तरीला जाऊन थडकलो. तिथं काय झालं ते मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतातच. त्यांची आवृत्ती पुण्यापर्यंत पोचायच्या आत आपली बाजू मांडून ठेवावी म्हणून हे लिहितोय.

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. आपल्याकडे रोहिणी लागली की शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो. बुंदेलखंडात त्या दिवसांत आभाळाकडे कुणी बघत नाही. डोकं साफीत गुंडाळून खाली मान घालून चालतात. नवतपा नीट तापला नाही तर पाऊसही नीट पडत नाही, अशी तिकडची पक्की समजूत. त्यामुळे पारा चढला की माणसं हैराण होतात आणि मनातून खूषही होतात. माझी पंचाईत इथंच झाली. ज्या गोष्टीची भीती घालायला मी गेलो होतो, तिची तिथं वाट बघत होते.

आमच्या सोसायटीत मला हवामानबदलातलं कळतं असा समज आहे. तो मीच पसरवलाय. पाच जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, क्लबहाउसमध्ये माझं भाषण असतं. एसी अठरावर असतो, त्यामुळे ज्येष्ठ नागरिक शाली घेऊन येतात. झाशीला विमानानं जाणं म्हणजे पृथ्वीशी बेइमानी, असं बायकोला ऐकवून ऐकवून मी झेलम एक्स्प्रेसची तिकिटं काढली. थ्री टियर एसीची. रात्री डब्यात इतकं गारठलो की आणखी एक चादर मागून घेतली आणि तिच्यात शिरून फोनवर अंटार्क्टिकाच्या वितळत्या बर्फाबद्दल वाचत पडलो. दुसऱ्या दिवशी झाशीला (आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’) डब्याचं दार उघडलं, आणि पहिला श्वास नाकातून आत जायलाच तयार होईना.

झाशीचा कोट शिवराव भाऊ नेवाळकरांच्या सुभेदारीत उभा राहिला. त्याला दहा दरवाजे, आणि बरेचसे जिकडे रस्ता जातो त्या गावाचं नाव लावून: ओरछा, सागर, भांडेर, उन्नाव, दतिया. हे उन्नाव लखनौकडचं नव्हे. दतिया जिल्ह्यातलं, पहूज नदीकाठचं. तिथं बालाजी या नावानं सूर्याचंच देऊळ आहे. “सूर्य आपला शेजारी, जावईबापू,” मामा म्हणाले. “शेजाऱ्याच्या कागाळ्या करू नयेत.” मामा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात बोलतात ते मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बुंदेलीच्या शेजारी राहिलेलं. उन्हाच्या झळेला ते ‘लपट’ म्हणतात. घर जुनं, हातभर जाडीच्या भिंतींचं, वर दगडी पटियांचं छत. त्या भिंती बांधणाऱ्याला हवामानातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे बायकोनं पोचल्या पोचल्या सांगून टाकलं.

या घराचं सगळं राजकारण कूलरभोवती चालतं. कूलर एकच. पत्र्याचा, पुरुषभर उंच, मधल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून टेकवलेला. तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पंप त्यांच्यावर पाणी ठिबकवत राहतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, आणि पाणी उडून जाताना हवेतली उष्णता सोबत नेतं. हवा कोरडी असेतो हे यंत्र एसीला भारी पडतं. पण ते पाणी पितं. आणि मेमधल्या बुंदेलखंडात जे जे पाणी पितं, त्याचा हिशेब ठेवावा लागतो. नळाला सकाळी थोडा वेळ पाणी, त्यानंतर हापसा.

कूलरच्या थेट समोर मामांचा पलंग. दुसऱ्या रांगेत धाकटे मामा आणि जावई, तिसऱ्या रांगेत पोरं. स्वयंपाकघर कोपऱ्याच्या पलीकडं. तिथवर झुळूक वळत नाही. तिथं मामी. १९९२ साली रिओ दि जानिरोला जगातल्या देशांनी एक सूत्र लिहून घेतलं: सामायिक, पण भिन्न जबाबदारी. ते मी कैक भाषणांत समजावून सांगितलंय, पण मला स्वतःला ते या खोलीत कळलं. धाकट्या मामांचं म्हणणं, “दादा, इतकी वर्षं समोर बसून तुम्ही वारा खाल्लात, आता बादल्या तुम्ही भरा.” मामांचं म्हणणं, कूलर मी आणला, बिल मी भरतो, आणि जुनं काय उगाळता, आज पाणी कोण जास्त खर्च करतंय ते मोजा की. मेहुण्याचं म्हणणं, कूलरच काढून टाका, एसी घ्या. एसीची गरम हवा जाणार गल्लीत, म्हणजे समोरच्यांच्या ओसरीवर. मग समोरचेही एसी घेणार, आणि त्यांची हवा आमच्या ओसरीवर. तेवढ्यात न्यू जर्सीतला भाचा व्हिडिओ कॉलवर आला आणि कूलरमुळे पाण्याची किती नासाडी होते यावर बोलू लागला. त्याच्या मागच्या खिडकीतून हिरवळीवर फवारा चाललेला दिसत होता. एक अमेरिकन माणूस वर्षाकाठी एका भारतीयाच्या साधारण सातपट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, असं मी त्याला सुनावलं. “काका, पण तुमची टोटल बघा ना,” तो म्हणाला. तेवढ्यात वीज गेली, वायफाय गेलं, कूलर थांबला, आणि परिषद ठरावाविना संपली.

मामींना यातलं काही कुणी विचारलं नाही. त्या पोळ्या लाटत होत्या.

पहिल्याच संध्याकाळी मी मामांना घेरलं. “मामा, हवाई बेटांवर मौना लोआला अठ्ठावन्न सालापासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता. आता ४२५ च्या वर गेलाय.”

मामांना एका कानानं कमी ऐकू येतं, आणि झाशीत अठ्ठावन्न म्हटलं की एकच साल. “अठ्ठावन्नला? अहो, अठ्ठावन्नला ऊन असं होतं की कोंचच्या लढाईत रोझसाहेब ऊन लागून पडला. सात मे. त्याचे गोरे शिपाई पटापट आडवे होत होते. तेव्हा कुठं होत्या तुमच्या मोटारी?”

“मामा, एकोणीसशे अठ्ठावन्न.”

“एकोणीसशे अठ्ठावन्नला मी नऊ वर्षांचा. तेव्हाही ऊन होतंच.”

मी सरासरी म्हणजे काय ते सांगितलं. एक दिवस तापला म्हणून काही सिद्ध होत नाही, शंभर-दीडशे वर्षांचा कल बघायचा. राणीच्या काळापासून पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशाच्या आसपास वाढलंय. मामा ऐकत राहिले आणि मग हसले. “सव्वा? इथं पहाटेपासून दुपारपर्यंत पंधरा-सोळा अंश चढतो. सव्वा अंशाला झाशीतलं कोण घाबरणार?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते स्लाइडवर होतं, आणि स्लाइड पुण्यात.

म्हणून मी उपायांकडे वळलो. महाराष्ट्रानं २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची मोहीम काढली होती, हे मी असं सांगितलं, जणू खड्डे मीच खणले होते. मामांनी २०१६ काढलं: त्यांच्या राज्यानं ११ जुलैला एका दिवसात ५ कोटी रोपं लावली होती. मी आमची २०१८ ची १३ कोटी टाकली. मामांनी त्यांची २०१९ ची २२ कोटी. बसल्या जागी आम्ही दोघांनी सत्तर कोटींच्या वर झाडं लावली आणि दमून चहाला बाहेर पडलो. दतिया गेटपर्यंत क्षणभर टेकायला सावली मिळेना. शेवटी थांबलो ती सावली दरवाज्याचीच होती. दगडाची.

जवळच ताडपत्रीखाली चहाची टपरी होती, आणि तिथं हाच विषय जोरात होता, फक्त त्याला कुणी हवामानबदल म्हणत नव्हतं. एकाचं मत, सगळा टॉवरांचा दोष. दुसऱ्याचं मत, चौपदरी रस्त्यांसाठी झाडं तोडली त्याचा. तिसरे सद्गृहस्थ म्हणाले, “जे सब नौतपा है भैया,” आणि त्यांना सगळ्यांनी मान दिला, कारण ते पैसे देऊन चहा पिणारे एकटेच होते. चौथ्याची सारी भिस्त केन-बेतवा जोडणीवर. ४४,६०५ कोटींचा प्रकल्प, एकदा पाणी आलं की बुंदेलखंडाचं पंजाब. मी पन्नाच्या जंगलातली लाखो झाडं आणि वाघांची जागा पाण्याखाली जाणार हे काढलं. “वाघ पाणी पीत नाहीत काय?” त्यानं विचारलं. (त्याच डिसेंबरात खजुराहोला पायाभरणी झाली. माझी हरकत नोंदली गेली नव्हती.)

मग मामांनी पाणीगाडीची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या तोंडून ऐकावी, कारण रेल्वेचा अभिमान आणि रेल्वेची लाज एकाच वाक्यात बसवणं त्यांनाच जमतं. मे २०१६, भयंकर दुष्काळ. महोब्यासाठी म्हणून केंद्रानं दहा टाक्यांची गाडी झाशीला धाडली. राज्य सरकार म्हणालं, गाडी नको, टँकर द्या. लखनौ आणि दिल्लीची जुंपली, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, कोण पाण्यावर राजकारण करतंय यावर राजकारण झालं. मग अधिकाऱ्यांनी टाक्या तपासल्या. आत पाणी नव्हतंच. “पण वॅगन एकदम फर्स्टक्लास होत्या,” मामा म्हणाले. “मी यार्डात जाऊन बघून आलो ना.”

मला संधी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाणीगाडी मी पुढं केली. १२ तारखेला पहिली खेप, पाच लाख लिटर.

“भरलेली?” मामांनी विचारलं.

“भरलेली.”

टपरी गप्प झाली. त्या अख्ख्या मुक्कामात वादात मिळालेला माझा तो एकमेव विजय, आणि त्यातही माझा काही हात नव्हता. पाणी कृष्णेचं होतं.

विजयाची धुंदी वाईट. ताडपत्रीच्या कडेला एक ई-रिक्षावाला उभा होता. तो हळूच म्हणाला की इकडं बबिना भागात बायकांनी पोत्यांत वाळू भरभरून घुरारी नदीत बांध घातलाय, पाणी अडतं. मी त्याला समजावलं की ते स्थानिक पातळीवर ठीक आहे, पण आपण इथं जागतिक पातळीवर बोलतोय. त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं आणि रिक्षा घेऊन गेला. पुढं सप्टेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये झाशीच्या त्या जलसहेल्यांचं कौतुक केलं, तेव्हा बायकोनं रेडिओचा आवाज मुद्दाम मोठा केला.

वादानं काम होत नाही म्हटल्यावर मी पुराव्याकडे वळलो. पुण्याहून एक डिजिटल तापमापक आणला होता. २८ मेच्या दुपारी तो गच्चीच्या कठड्यावर ठेवला, जिन्यात सावलीला उभा राहिलो, आणि थोड्या वेळानं बघतो तर ५८. मी तो आकडा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. मेहुण्यानं पुढं ढकलला. तासाभरात एक तरुण मोबाइलला माईक जोडून दारात हजर. कुठलंसं स्थानिक यूट्यूब चॅनल. त्यानं मला गच्चीवर उभं केलं, तापमापक हातात दिला आणि विचारलं, पृथ्वीकडे किती वेळ उरलाय? माझं हिंदी भीतीनं फार ओघवतं होतं. संध्याकाळी दतिया गेट परिसरात जो तो तो व्हिडिओ बघत होता. शीर्षक होतं, ‘झाँसी में ५८ डिग्री, पुणे के वैज्ञानिक का दावा’. पुण्यात मी बँकेत होतो.

मामांनी तापमापक उलटापालटा करून पाहिला. “हा कठड्याचा ताप झाला. हवेचा कुठं? आमच्याकडे रुळाचं तापमान वेगळं मोजतात, हवेचं वेगळं. रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. म्हणून तर उन्हाळ्यात रूळ वाकले का बघायला गस्त घालतात. सरकारी तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो, जमिनीपासून वर, सावलीत. त्याला ऊन दाखवायचं नसतं.” आणि हवामान खात्याचा त्या दिवसाचा झाशीचा आकडा आला: ४९.

पुढच्या दोन दिवसांत दैवानं माझी थोडी लाज राखली. २९ मेला दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ दाखवले, देशभर खळबळ, आणि मग खात्यानं तपासून सांगितलं की तो सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. ३० तारखेला आपल्या नागपुरात एका केंद्रानं ५६ दाखवले. तोही सेन्सरच नादुरुस्त निघाला. सरकारी यंत्रं चुकल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मी बातम्या घरभर वाचून दाखवल्या. मामांनी त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. “म्हणजे तो ४९ पण असाच असणार.” टपरीवरही तेच ठरलं. ४९ खरा होता. देशातल्या त्या दिवसाच्या सगळ्यांत भाजणाऱ्या गावांत चुरू, सिरसा आणि आम्ही. पण माझ्या ५८ नंतर खरा आकडा कुणाला पुरेसा वाटेना, आणि दिल्लीच्या बातमीनंतर खराही वाटेना. मामांना चाळीस वर्षांत जे जमलं नसतं, ते मी एका तापमापकानं त्यांना करून दिलं होतं.

एवढ्यावर मी पुण्याला परतायला हवं होतं. पण मला अहमदाबाद आठवलं. २०१० च्या मेमध्ये तिथं उष्णतेनं फार माणसं गेली, त्यानंतर महापालिकेनं २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, आणि पुढं गरीब वस्त्यांतली छपरं चुन्यानं पांढरी करायला घेतली. पांढरं छत ऊन परतवतं, खालची खोली दोन-चार अंशांनी निवते. स्वस्त, साधं, सिद्ध झालेलं. यात चूक होण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मी ते करायला घेतलं.

कळीचा चुना आणला. तो बादलीत पाण्यात टाकला, तेव्हा लक्षात आलं की चुना विरतो तो उकळून विरतो. गच्ची निववण्याच्या कामाची सुरुवात मी अंगणात एक खदखदती बादली तयार करून केली. मामा खुर्ची ओढून बघायला बसले. “चुना कसा करतात, जावईबापू? दगड भट्टीत भाजून ना? भट्टी कशावर पेटते?” मी मान्य केलं की कोळशावर, आणि शिवाय भाजताना चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. पण भिंतीवर सुकताना चुना तो हवेतून पुन्हा घेतो, असं मी पुढं सांगत होतो, तोवर मामा हे सांगायला आत गेले होते.

पहाटे करायचं काम मी अकराला सुरू केलं, कारण पहाटे मी झोपलो होतो. गच्चीच्या एका टोकाला मामींनी जुन्या पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. पंचाहत्तरीच्या जेवणासाठी गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्यानं घातलेल्या. मी त्यांच्यापासून आदरपूर्वक दूर, दुसऱ्या टोकाला कुंचीनं चुना लावायला लागलो. गच्चीला उतार असतो, हे मला तत्त्वतः माहीत होतं. कोणत्या बाजूला असतो, ते विचारलं नव्हतं.

पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या कुरडयांमध्ये पांढरा चुना जाऊन मिसळला. कुणालाही काही दिसलं नाही. मला तर काहीच दिसत नव्हतं, कारण पांढऱ्या गच्चीवरून परतलेलं सगळं ऊन, सिद्धांतात सांगितल्याप्रमाणे, वर जात होतं, आणि वर मी होतो. कान वाजायला लागले. जिन्याची पहिली पायरी आठवते.

शुद्धीवर आलो तो मामांच्या पलंगावर, कूलरच्या थेट समोर. तळपायांना मामी कांदा चोळत होत्या, खिशातही कांदा कोंबलेला, एका हाताला कैरीचं पन्हं, दुसऱ्या हाताला डॉक्टरांनी दिलेलं मीठसाखरेचं पाणी. वाळ्याचा वास येत होता. त्या जागेवरून हवामानबदल फारसा गंभीर वाटत नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. मी पडल्या पडल्या मामांना म्हणालो सुद्धा की घाबरण्यासारखं काही नाही, भारतानं २०७० पर्यंत नक्त उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलंच आहे. मामा पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाले. ते दुसऱ्या रांगेत होते, आणि घाम पुसत होते. त्याच आठवड्याच्या अखेरीस मतदानाच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात ३३ निवडणूक कर्मचारी उन्हानं दगावले. त्यांना ना पलंग होता, ना रांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून हाका आल्या. रात्री माकडं आमच्या ओल्या गच्चीवर उतरली होती आणि तिथून मोहल्लाभर हिंडली होती. कुणाच्या निळ्या दारावर, कुणाच्या काळ्या स्कूटरवर, एका गच्चीत वाळत घातलेल्या गादीवर पांढरे पंजे. शोध लावायला वैज्ञानिक लागला नाही. सगळे पंजे आमच्याच घराकडून निघाले होते.

खालची खोली मात्र खरोखर निवली. दुपारी तीन अंशांचा फरक होता. पण तो माझ्या तापमापकावर होता, आणि त्या उपकरणाचं घरात नाव काढायची सोय नव्हती. उलट मामींची तक्रार, की गच्ची पहिल्यासारखी तापत नाही, आता वाळवण वाळायला दीडपट वेळ लागणार.

त्यांना तोवर मुख्य तक्रार कळायची होती. पंचाहत्तरीच्या दिवशी कढई तापली, पहिली कुरडई तेलात पडली आणि फुलली नाही. दुसरी पडली, तीही तळाशी जाऊन बसली. मामींनी एक कच्ची कुरडई मोडून जिभेला लावली, थुंकली, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या मुक्कामात त्या मधल्या खोलीत येऊन बोलल्या त्या पहिल्यांदा. कूलर कुणीतरी आपण होऊन बंद केला.

नुकसानभरपाईची बोलणी पाहुणे गेल्यावर झाली. या विषयातलं मला सगळं माहीत होतं: शर्म अल्-शेखला २०२२ मध्ये हानी आणि नुकसान निधी मान्य कसा झाला, दुबईत २०२३ ला तो सुरू कसा झाला, आणि देणारे देश पैशाची गोष्ट निघाली की कोणत्या शब्दांनी वेळ काढतात. ते शब्द मी एकामागून एक वापरले. आधी म्हटलं, हेतू चांगला होता. मग म्हटलं, उताराची माहिती मला कुणी दिली नव्हती, म्हणजे जबाबदारी सामायिक आहे. मग म्हटलं, पुण्याहून पार्सलनं कुरडया पाठवतो, हप्त्याहप्त्यानं. (सहा महिन्यांनी बाकूत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा वायदा केला आणि भारताच्या प्रतिनिधी त्याला दृष्टिभ्रम म्हणाल्या, तेव्हा मला देणाऱ्यांच्या बाकावरचे चेहरे ओळखीचे वाटले.)

“विकतच्या नकोत,” मामी म्हणाल्या. “इथं येऊन घालायच्या. तुम्ही. पहाटे चारला उठून चीक शिजवायचा, सोऱ्या फिरवायचा, आणि वाळेपर्यंत वरच बसून माकडं हाकायची.”

मी आनंदानं कबूल झालो. म्हटलं, डिसेंबरात येतो, तेव्हा झाशीची हवा छान असते.

“डिसेंबरात कुरडया वाळतात?”

मी मामांकडे पाहिलं. मामा कूलरसमोरच्या आपल्या जागी परत गेले होते. “अगं, जावईबापूंना सत्तर सालापर्यंत मुदत दे,” ते म्हणाले.

“पंचवीस मेला नवतपा लागतो,” मामी म्हणाल्या. “झेलमचंच तिकीट काढा. आणि या वेळी साध्या स्लीपरनं या, म्हणजे भोपाळ येईपर्यंत सवय होईल.”